नार्कॅन नेझल स्प्रे: बँडच्या सामानात हवाच, पण मर्यादा ओळखून

नार्कॅन म्हणजे नालोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे. हेरॉईन, फेंटानिल, ऑक्सिकोडोन या ओपिऑइड गटातल्या, म्हणजे अफूसारखा असर करणाऱ्या औषधांनी श्वास मंदावतो, मग थांबतो. नालोक्सोन मेंदूत त्यांची जागा घेतं आणि श्वास पुन्हा सुरू होऊ शकतो. अमेरिकेत २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. खोक्यात ४ मिलिग्रॅमचे दोन स्प्रे असतात, प्रत्येकात एकच डोस.

वापर सोपा आहे. हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात रगडा. माणूस हलला नाही, तर अँब्युलन्स बोलवा. त्याला उताणं झोपवा, मानेखाली हात देऊन डोकं मागे झुकवा, बोटं नाकाला टेकेपर्यंत नळी आत घाला आणि दट्ट्या पूर्ण दाबा. लोक चुकतात ते त्याआधीच. सर्दीच्या स्प्रेसारखा तो एकदा हवेत मारून बघतात आणि तिथेच डोस संपतो. श्वास सुरू होईपर्यंत तोंडाने श्वास देत राहा, साधारण दर ५ सेकंदांनी एक. २-३ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत.

खरी अडचण स्प्रेत नाही, तो बाहेर काढायला होणाऱ्या उशिरात आहे. ओठ निळे किंवा राखाडी पडलेत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, घशातून घरघर येतेय, आणि आजूबाजूचे म्हणतात, ‘कलाकार माणूस आहे, झोपू द्या.’ ती घरघर झोपेतलं घोरणं नसते. नशेला प्रतिभेचा भाग मानायची सवय अशी जीव घेते. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करसारखं वाजवायचं तर हेरॉईन हवं, असं कित्येक तरुण जॅझवाल्यांना वाटायचं. पार्कर १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याचा मृतदेह पाहणाऱ्या डॉक्टरने वयाचा अंदाज ५० ते ६० असा केला होता. पोस्टरवर हे कोणी छापत नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. नालोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो, काही ओपिऑइड त्याहून जास्त वेळ शरीरात राहतात. म्हणजे शुद्धीवर आलेला माणूस पुन्हा बेशुद्धीत बुडू शकतो. म्हणून त्याला कुशीवर वळवून ठेवा, एकटं सोडू नका, दवाखान्यात न्याच. आणि तो त्या दिवशी वाचला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. १५ एप्रिल २०१६ ला अमेरिकन गायक प्रिन्सचं विमान इलिनॉय राज्यातल्या मोलीनला तातडीने उतरवावं लागलं, नालोक्सोन दिल्यावर तो शुद्धीवर आला. २१ एप्रिलला तो स्वतःच्या स्टुडिओच्या लिफ्टमध्ये मृतावस्थेत सापडला. त्याच्याकडे व्हायकोडिन या वेदनाशामकासारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्या होत्या आणि त्यांत फेंटानिल होतं. व्यसनावरचे उपचार, म्हणजे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, हे वेगळं काम आहे. स्प्रे त्याची जागा घेत नाही.

दारू, झोपेच्या गोळ्या, कोकेन यांवर नार्कॅन चालत नाही. दारूने गेलेल्या गायिका एमी वाइनहाउसच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं, तिथे हा स्प्रे काहीच करू शकला नसता. तिचं नाव मात्र ‘२७ क्लब’च्या, म्हणजे २७ व्या वर्षी गेलेल्या कलाकारांच्या यादीत जोडून आपण त्या मरणालाही वलय देतो. तरीही नेमकं काय घेतलंय ते माहीत नसेल तर स्प्रे माराच. शरीरात ओपिऑइड नसेल तर त्याने सहसा अपाय होत नाही.

८ मिलिग्रॅमचा स्प्रेही बाजारात आहे. तो घेऊ नये असंच आमचं मत. जास्त डोसने जास्त जीव वाचल्याचं दिसलेलं नाही, उलट्या आणि तडफड मात्र वाढते. नार्कॅनला पूर्ण पसंती, एका अटीवर: बेशुद्ध माणूस स्वतःच्या नाकात स्प्रे मारू शकत नाही. म्हणून तो गायकाच्या खोलीत कुलूपबंद नको. साउंडवाला, ड्रायव्हर, मॅनेजर सगळ्यांना तो कोणत्या कप्प्यात आहे ते ठाऊक हवं. उन्हात तापलेल्या गाडीत तो ठेवू नका, आणि खोक्यावरची मुदत दौऱ्याआधी तपासा.