गळा आणि हात एकत्र शिकवणारा नौपाड्यातील गिटार वर्ग

गिटार शिकवणारे वर्ग ठाण्यात गल्लोगल्ली आहेत आणि गाणे शिकवणाऱ्यांची तर येथे जुनी परंपराच आहे. मात्र गिटार वाजवता वाजवता गाणे ही स्वतंत्रपणे शिकवण्याची गोष्ट आहे, असे मानणारा वर्ग शोधू गेल्यास सहज सापडत नाही. याचे एक कारण अभ्यासक्रमांत आहे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षांत गिटार आणि गायन हे दोन वेगळे विषय आहेत, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांतही गायन आणि वादन यांची वाट पहिल्यापासून वेगळी होते, आणि बहुतेक वर्ग परीक्षांच्या आधाराने चालत असल्यामुळे या दोहोंच्या मधले कौशल्य कोणाच्याच वाट्याला येत नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या एका वर्गात मी पूर्वी काही महिने जात होते. तेथे सप्तकांचे सराव आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) व्यवस्थित शिकवले गेले, परंतु गाण्याचा विषय काढला की ‘हात बसला की ते आपोआप येते’ असे उत्तर मिळत असे. ते आपोआप येत नाही. म्हणूनच नौपाड्यातील या वर्गाविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

वर्ग एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत भरतो. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून चालत येण्यासारखे अंतर आहे आणि चालतच यावे, कारण रविवारी सकाळीदेखील गोखले रस्त्याच्या परिसरात गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते. आठवड्याला एक तास आणि महिन्याला 2,400 रुपये फी आहे. शिकवणारे सर स्वतः भावगीतांच्या कार्यक्रमांत साथ करणारे आहेत, आणि गायकाला काय लागते हे साथीदाराच्या जागेवरून पाहिलेल्या माणसाची शिकवण्याची रीत येथे पहिल्या दिवसापासून जाणवते.

सुरुवातीच्या तासांत गाणे नसतेच. सर ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जेथे अडकवलेल्या असतात तेथे, तारांखाली एक घडी घातलेला रुमाल सरकवतात, त्यामुळे तारांचा नाद मरतो आणि उरतो तो केवळ उजव्या हाताचा ठोका. डाव्या हाताने एकच कॉर्ड धरून उजवा हात चालू ठेवायचा आणि तोंडाने साधे बोलायचे: घराचा पत्ता सांगायचा, सकाळी बाजारातून काय आणले ते सांगायचे, शेजारच्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. हात थांबला तर पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला हा पोरखेळ वाटतो, पण पत्त्यातला पिनकोड सांगताना भल्याभल्यांचा हात अडखळतो, कारण आकडे आठवण्यासाठी लागणारे लक्ष हातावरून काढून घ्यावे लागते. हाताला लक्षाची गरज उरली नाही म्हणजेच गळ्याला ते देता येते, हे तत्त्व सरांनी कधी फळ्यावर लिहिलेले नाही. रुमाल आणि पिनकोड यांतून ते कळते.

त्यानंतर ठेका येतो, आणि हा भाग मला या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. नवशिक्यांना सर्वत्र शिकवले जाणारे ‘डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप’ हे स्ट्रमिंग, म्हणजे तारांवर हात खाली-वर फिरवण्याचा क्रम, बहुतेक जण तोंडपाठ मंत्रासारखे वाजवतात आणि त्यात गाणे मिसळू गेले की मंत्र विसरतात. सर हेच स्ट्रमिंग केरवा या तालाच्या आठ मात्रांवर मांडून दाखवतात. हात प्रत्येक मात्रेला हलतोच, विषम आकड्याच्या मात्रेला खालच्या दिशेने आणि सम आकड्याच्या मात्रेला वरच्या. फक्त दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला तो तारांना न लागता हवेतून जातो. पाचवी मात्रा म्हणजे केरव्याची ‘खाली’, तालातली बिनवजनाची जागा. तबल्यावर जेथे डग्ग्याचा घुमारा थांबतो, तेथेच गिटारचा हात रिकामा फिरतो, हे एकदा ध्यानात आले की स्ट्रमिंगचा क्रम लक्षात ठेवावा लागत नाही, ठेका ऐकू येऊ लागतो. गाणाऱ्यांचा हात नेमका याच रिकाम्या जागी थबकतो, कारण गाण्यातला एखादा वजनदार शब्द पुष्कळदा खालीच्या मात्रेवरच पडतो, आणि ज्या क्षणी गळा जोर देतो त्या क्षणी हाताला तार सोडून जायचे असते. यासाठी ‘पाच’ हा आकडा मोठ्याने म्हणत हात हवेतून न्यायचा सराव दिला जातो. सहा मात्रांच्या दादऱ्यासाठी वेगळी रीत आहे: पहिल्या आणि चौथ्या मात्रेला अंगठ्याने जाड तार, उरलेल्या चार मात्रांना बोटांनी हलका झंकार. कित्येक मराठी भावगीते या दोन तालांत बसतात, त्यामुळे एवढ्या शिदोरीवर बरेच अंतर कापता येते.

शब्द येतात ते नंतर, आणि तेही नव्या गाण्याचे नाहीत. प्रत्येकाला लहानपणापासून पाठ असलेली गणपतीची आरती आधी ठेक्यावर नुसती म्हणायची, मग एका सुरात, मग चालीत, आणि या सगळ्यात कॉर्ड एकच. कॉर्ड बदलणे अगदी शेवटी. प्रत्येक पायरीवर एकच नवी गोष्ट, असा हा क्रम असून सर त्याबाबत चांगलेच हट्टी आहेत. एका तरुण मुलाने चित्रपटातले नवे गाणे थेट सुरू करण्याचा आग्रह धरला, तेव्हा ‘तुम्ही घरी जरूर वाजवा, येथे आरतीच’ असे त्यांनी हसून सांगितले.

या पायऱ्यांवर तीन दोष हमखास दिसतात आणि तिन्हींवर वर्गात काम होते. पहिला दोष म्हणजे गळा हाताच्या मागे जातो: प्रत्येक खालच्या ठोक्यावर एक अक्षर पडू लागते आणि चाल सपाट होते. दुसरा, ओळ संपताना श्वास घेण्यासाठी गळा थांबला की हातही थांबतो. यावर उपाय म्हणून दोन ओळींच्या मध्ये तालाचे एक पूर्ण आवर्तन नुसते वाजवायला लावतात, म्हणजे हाताचा आणि श्वासाचा संबंध सुटतो. तिसरा दोष समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी उठणाऱ्या मुखड्याचा आहे. गाणे पाचव्या किंवा सातव्या मात्रेपासून सुरू होत असेल, तर नवशिका गळ्याबरोबरच हात सुरू करतो आणि सम हुकते. येथे आधी एक आवर्तन वाजवायचे, मात्रा मोठ्याने मोजायच्या आणि मोजता मोजताच गाण्यात शिरायचे, असा दंडक आहे. बसण्याकडेही बारकाईने पाहिले जाते. डाव्या हाताकडे पाहण्यासाठी मान वाकवली की गळा दबतो, म्हणून बसून वाजवतानाही पट्टा लावायला सांगतात आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून गायला लावतात.

पट्टीचा, म्हणजे कोणाचा ‘सा’ किती उंचीवर आहे याचा, विषय मला विशेष समाधान देणारा वाटला. इंटरनेटवर मिळणारे कॉर्ड बहुधा मूळ ध्वनिमुद्रणाच्या पट्टीतले असतात, आणि त्याच पट्टीत गाण्याच्या हट्टापायी कित्येकांचा आवाज वरच्या षड्जापाशी फाटतो. येथे पहिल्याच महिन्यात पेटीवर प्रत्येकाची पट्टी पाहून वहीत लिहून देतात आणि त्याप्रमाणे कॅपोची, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणाऱ्या चिमट्याची, जागा ठरते. पुरुषांना साधारणपणे काळी एक किंवा काळी दोन (पेटीच्या सप्तकातली पहिली किंवा दुसरी काळी पट्टी) लागते. सी कुळातले, म्हणजे सी हा ‘सा’ मानून वाजणारे, कॉर्ड धरून कॅपो पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी आखलेल्या पहिल्या घरात) लावला की काळी एक आणि तिसऱ्यावर लावला की काळी दोन मिळते. माझी पट्टी काळी चार आहे, तेव्हा जी कुळातले कॉर्ड आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर. काळी पाच गाणाऱ्या मैत्रिणीला तेच कॉर्ड कॅपो तिसऱ्यावर नेऊन मिळतात. जी कुळाचा आणखी एक लाभ असा, की त्यातले जी, सी, डी, ई मायनर आणि ए मायनर हे सारे मोकळ्या तारांचे कॉर्ड आहेत, त्यामुळे सी कुळात आडवा येणारा एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा) सुरुवातीच्या काळात टाळता येतो आणि गळ्याकडे लक्ष राहते.

शास्त्रीय संगीत शिकून आलेल्यांसाठी मात्र एक सूचना द्यावीशी वाटते. आमच्या तुकडीत एक निवृत्त काका आहेत, त्यांचा गळा तानपुऱ्यावर तयार झालेला आहे. मेजर कॉर्ड (षड्ज, गंधार आणि पंचम) वाजला की त्यांचा गंधार गिटारच्या गंधाराशी जुळेना, आणि दोष गळ्याचा की गिटारचा हे त्यांना कळेना. गिटारचे फ्रेट समान अंतराच्या स्वरांनुसार बसवलेले असतात, त्यामुळे तिच्यावरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून स्वयंभू ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) चढा असतो. तयार कानाला एवढा फरक खटकणारच. सरांनी काकांना कॉर्डमधला गंधार वगळून केवळ षड्ज-पंचम वाजवायला दिले आणि गंधार त्यांच्या गळ्यावर सोपवला. उपाय योग्यच होता, पण तो एका तासापुरता राहिला. रागाधारित गाणी, नाट्यपदे, मींडेने, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याने, भरलेले अभंग यांना गिटारची साथ कशी द्यावी, कॉर्ड कोठे गाळावेत, याचा सलग विचार येथे होत नाही. ज्यांना तेच गायचे आहे त्यांची निराशा होण्याचा संभव आहे.

आता उणिवा. पहिली उणीव कागदांची. गाऊन वाजवणाऱ्याला कॉर्ड कोणता यापेक्षा तो कोणत्या अक्षरावर बदलतो हे अधिक महत्त्वाचे असते, आणि वर्गातून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या गाण्यांत शब्दांवर लिहिलेली कॉर्डची नावे मोबाइलच्या पडद्यावर हमखास सरकलेली असतात. ‘डी’ जो ओळीच्या तिसऱ्या शब्दावर हवा तो पाचव्यावर जाऊन बसतो आणि आठवडाभर चुकीचा सराव होतो. तक्रार केल्यावर आता काही गाण्यांत कॉर्डचे नाव अक्षराच्या अगोदर कंसात येऊ लागले आहे, परंतु जुन्या गाण्यांचे कागद तसेच फिरत आहेत.

दुसरी उणीव वर्गाच्या गिटारींची. ज्यांच्याकडे स्वतःचे वाद्य नाही त्यांना येथे गिटार मिळते, ही सोय चांगली आहे. मात्र त्यांतील दोन गिटारींच्या तारा फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीपासून इतक्या उंच आहेत की तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावताच तार ताणली जाऊन स्वर चढतो आणि पुन्हा सुरात लावल्याशिवाय गाता येत नाही. पावसाळ्यात स्टीलच्या तारांना गंज चढतो, हे ठाण्यात कोणाला सांगायला नको, तरी त्या वेळेवर बदललेल्या दिसल्या नाहीत.

तिसरी बाब तुकडीची. आठ जणांच्या तुकडीत कोणी आरतीवर असतो तर कोणाला दादऱ्यातली पूर्ण भावगीते येत असतात, आणि एका तासात प्रत्येकाचे गाणे स्वतंत्र ऐकले जाणे शक्य होत नाही. ज्या रविवारी दोघे-तिघे गैरहजर असतात, त्या रविवारचा तास किती निराळा होतो हे पाहिले म्हणजे पाच जणांची तुकडी करून फी थोडी वाढवली तरी चालेल असे वाटते. फी तीन महिन्यांची आगाऊ घेतात आणि चुकलेला तास भरून देत नाहीत. गणपती आणि दिवाळीच्या काळात प्रवेश घेणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे.

गळा बरा आहे, सुरात गाता येते, पण साथीला कोणी नाही, अशा माणसाला मी हा वर्ग निःसंकोच सुचवीन. ज्याला लीड गिटार किंवा बोटांनी वाजवायच्या एकल रचना शिकायच्या आहेत त्याने येथे येऊ नये, सरही त्याला तसेच सांगतील. अगदी लहान मुलांचे पालक चौकशीला येतात, त्यांना सर आधी नुसते गाणे आणि टाळ्यांनी ताल शिकवण्याचा सल्ला देऊन परत पाठवतात, हे मला त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटले. पहिला तास विनामूल्य असतो. त्या तासाला जाताना स्वतःची किंवा कोणाची मागून आणलेली गिटार न्यावी, सोबत कॅपो असावा, आणि नवे काही न निवडता शब्द आडवे येणार नाहीत इतके पाठ असलेले एक गाणे मनात ठेवावे. पट्टी त्याच तासात काढून मागावी, कारण नंतर ती महिनाअखेरीपर्यंत लांबणीवर पडते.