नोझल टाकायच्या आधी: लॅबला द्यावेत की घरीच पंप मारून बघावेत?

ऊस वाहतुकीच्या ऐन हंगामात आमचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर सकाळी थंडीत पांढरा धूर आणि भरल्या ट्रॉलीला काळा धूर ओकायला लागला. मिस्त्रीने कान लावून ऐकलं आणि सांगून टाकलं, "तिन्ही नोझल नवीन टाका." असं न बघता तिन्ही टाकणं हाही एक मार्ग आहे. कधी कधी तो बरोबरही ठरतो, पण त्यावर मी जास्त लिहीत नाही. प्रश्न त्याआधीचा आहे. ऑटोमायझर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, नोझल त्याच्याच टोकाला असतो) खोललेच आहेत, तर ते तपासायचे कुठे? तालुक्याच्या पंप लॅबमध्ये, म्हणजे डिझेल पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात, की शेडमध्ये हाताच्या टेस्टरवर? मी दोन्ही करून बसलोय.

हे सगळं जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनाबद्दल आहे. कॉमन रेल (नव्या इंजिनातली जास्त दाबाची डिझेल फवारणी) असेल तर लॅबशिवाय गत्यंतर नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो, हाताच्या टेस्टरचं ते काम नाही. चालू इंजिनावर डिझेलच्या पाइपचा नट ढिला करायचं तर मनातही आणू नका.

साध्या इंजिनाला मात्र ते चालतं. आयडलवर एकेका पाइपचा नट ढिला करायचा. ज्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. माझ्याकडे दोन नंबर ढिला केला आणि इंजिनाला त्याचा पत्ताही लागला नाही. म्हणून तिन्ही ऑटोमायझर काढले, दोऱ्याने १, २, ३ अशा चिठ्ठ्या बांधल्या आणि लॅबला नेऊन दिले.

लॅबच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. जागा स्वच्छ असते, टेस्टिंगचं वेगळं तेल असतं आणि तिथल्या माणसाचा कान रोज हेच ऐकून तयार झालेला असतो. नोझल तुटक, कर्र कर्र करत उघडतो की नुसती पिचकारी मारतो, हे त्याला पाठ फिरवूनही कळतं. आमच्याकडचे जुने लोक अजून नोझलला 'मायको' म्हणतात. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, तरी गिऱ्हाईक काउंटरवर "मायकोचाच द्या" म्हणतं आणि काउंटरवाल्यालाही ते बरोबर कळतं.

संध्याकाळी आणायला गेलो. तिन्ही ऑटोमायझर एका प्लास्टिकच्या पिशवीत, धुऊन चकचकीत. चिठ्ठ्या गायब.

"दोन नोझल गेलेले होते, नवीन टाकलेत."

"कुठले दोन?"

"यातलेच की."

"खोलायच्या आधी किती दाबाला उघडत होते?"

"आता तिन्ही २०० ला सेट आहेत, काळजी करू नका."

माणूस खोटं बोलत नव्हता, कामही नेटकं होतं. पण माझा प्रश्न 'आता किती' हा नव्हताच. आधी धुवायचं आणि मग टेस्टरवर लावायचं, ही बहुतेक ठिकाणची पद्धत. त्यामुळे इंजिनातून निघाला तेव्हा ऑटोमायझर कसा होता, हे कुणालाच कळत नाही. दोन नंबरचा खरंच खराब होता का, की एक आणि तीन बदलले गेले? चिठ्ठीबरोबर तेही गेलं.

बसवले, गाडी चालली. पंधरा दिवसांत दोन नंबर पुन्हा कमजोर. मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं: एक आणि दोनची अदलाबदल. खोट दोन नंबरच्या घरातच राहिली. टॉर्च मारून बघितलं, तर ऑटोमायझर बसतो त्या खड्ड्याच्या तळाशी जुना तांब्याचा वायसर काळा होऊन चिकटलेला आणि त्यावर नवा बसवलेला. दोन वायसरमुळे नोझल वर उचलला जात होता, फवारा भलतीकडे पडत होता. माझे नोझल कदाचित बरेच होते. कदाचित नव्हते. आता विचारून उपयोग नाही.

पुढच्या हंगामाआधी शेजारच्या दादांनी आणि मी मिळून हाताचा टेस्टर घेतला. एक दांडा, एक गेज, वर डिझेलची छोटी टाकी. शेडमध्ये पत्र्याच्या डब्यात फवारा मारायचा. आता नियम एकच: काढलेला ऑटोमायझर आधी न धुता लावायचा. बाहेरची काजळी पुसली तर चालेल, खोलायचं मात्र नाही. पहिले दोन-तीन दांडे हवा काढण्यात जातात. मग दांडा सावकाश दाबत काटा बघायचा, कुठे उघडला ते खडूने भिंतीवर लिहायचं. आमच्या भिंतीवर गेल्या वेळचे आकडे आहेत: १९०, १५५, १८५. मधला कमी दाबालाच उघडतोय, त्याचं काय ते वेगळं सांगायला नको.

त्यानंतर दाब उघडण्याच्या दहा-वीस बार खाली आणून दहा सेकंद धरायचा. टोक ओलसर झालं तर मी सोडून देतो, थेंब लोंबला तर नोझल बाजूला. शेवटी खोलून नोझलच्या आतली सुई डिझेलमध्ये बुडवायची, बॉडी तिरकी धरून सुई तिसरा हिस्सा बाहेर ओढायची आणि सोडायची. आपल्या वजनाने सरकत खाली गेली तर ठीक. अडकली तर आधी धुऊन पुन्हा बघा. कॅनमधल्या डिझेलात पाणी असेल तरी सुई धरते. पण एकाची सुई दुसऱ्याच्या बॉडीत कधी घालू नका, ती जोडीनेच घासून बनवलेली असते.

घरच्या टेस्टरचेही त्रास आहेत. कपड्यांना दोन दिवस वास येतो. आमचा गेज स्वस्तातला, त्यामुळे त्याचा आकडा लॅबच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. तिघांतला फरक मात्र तो खरा दाखवतो आणि मला तेवढंच हवं असतं. फवाऱ्यासमोर हात कधी धरायचा नाही. डिझेल कातडीतून आत घुसतं, वर फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते. तसं झालंच तर दुखायची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

लॅब मी सोडलेली नाही. शिम (आतली पातळ चकती) बदलून दाब सेट करायला, नवीन नोझल बसवायला तिथेच जातो. फक्त आता तिन्ही नेत नाही. एकच नेतो आणि सोबत आकडा सांगतो, "हा १५५ ला उघडतो." एवढं म्हटलं की समोरचा माणूसही ऑटोमायझर न धुता आधी टेस्टरवर चढवतो.

गाव लॅबच्या जवळ असेल, ट्रॅक्टर एकच असेल आणि लॅबवाला तुमच्यासमोर, न धुता पंप मारून दाखवायला तयार असेल, तर टेस्टर घ्यायची गरज नसावी. आमच्याकडे तसं नव्हतं. गेल्या महिन्यात दादांचा मेव्हणा टेस्टर न्यायला आला, तेव्हा त्याला एवढंच सांगितलं, परत आणताना टाकीतलं डिझेल गाळून आण आणि भिंतीवरचे आकडे पुसू नकोस.