लॉक नट, जॅमर की सरळ लोखंडी रिम? रात्री गाडी रस्त्यावर लावणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांची गाडी पेव्हर ब्लॉकवर बसलेली. चारही चाकं गायब, ॲल्युमिनियमच्या अलॉय रिम टायरसकट. नट मात्र एका ब्लॉकवर नीट ढीग करून ठेवलेले, जणू काही तुमचं तुम्हाला परत. ब्लॉकही फुटपाथचेच उखडलेले. काकांनी गॅलरीतून बघितलं, त्यांना वाटलं टायर बसलेत, ते पंक्चरवाल्याला फोन लावत होते.

चाकांपेक्षा पुढचा वैताग मोठा होता. एक ब्लॉक कलला म्हणून दाराखालची पट्टी चेपली, पुढची एक ब्रेक डिस्क जमिनीला टेकली, आणि चाकंच नाहीत म्हटल्यावर गाडी ओढणार कशी, शेवटी टायरवाल्याकडून चार जुनी चाकं उसनी आणली तेव्हा कुठे ती गॅरेजपर्यंत गेली. त्यानंतर आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या गल्लीत जो भेटेल तो हेच विचारतो, की काय लावू. मी तीन-चार गोष्टी स्वतः वापरून बघितल्या म्हणून लिहितोय.

आधी जे घेऊ नका ते. स्टिअरिंग लॉक, गिअर लॉक, जीपीएस हे सगळं गाडी चोरणाऱ्यासाठी आहे, चाकं चोरणाऱ्याला गाडी हलवायचीच नसते, तो दाराला हातही लावत नाही त्यामुळे साधा अलार्म पण गप्प. गाडी तिरकी झाली की ओरडणारा सेन्सर वेगळा असतो, तो आहे का ते विचारून घ्या. कॅमेऱ्याचं म्हणाल तर आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात दोन टोप्या आणि एक टेम्पो दिसला, बस.

आता लॉक नट. प्रत्येक चाकाचा एक नट काढून त्या जागी वेगळ्या नक्षीचा नट बसवायचा, आणि तो उघडायला त्याच नक्षीची चावी लागते, नेहमीचा पाना चालत नाही. मला चारचा सेट १,८०० ला पडला. फायदा हा की एकदा लावला की विसरून जा, रोज काही करायचं नाही आणि चारही चाकं कव्हर होतात. पण घेताना लोक गडबड करतात. मारुतीचे नट १२ एमएम १.२५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), ह्युंदाईचे १२ एमएम पण १.५ पिचचे, दिसायला सारखेच, आणि चुकीचा जबरदस्तीने फिरवला तर स्टडचे, म्हणजे नट ज्या दांडीवर बसतो तिचे, आटे गेले. स्कोडा-फोक्सवॅगनला नट नसतातच, बोल्ट असतात, त्यांचा सेट वेगळा. शिवाय नट रिमला जिथे टेकतो तो भाग कुठे शंकूसारखा असतो कुठे गोल, तो जुळला नाही तर चाक चालता चालता ढिलं होईल, म्हणजे चोर परवडला. म्हणून जुना नट खिशात घालून दुकानात जा.

स्वस्तातला चारपाचशेचा सेट घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर जरा लहान मापाचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवला की तो फिरतोच, टायरवाले चावी हरवलेल्या गिऱ्हाइकांसाठी हेच करतात आणि चोरांनाही ते माहीत असतं. चांगल्या सेटमध्ये बाहेरची रिंग मोकळी फिरते, पकडच बसत नाही. तोही अभेद्य नाही, पण ठोकाठोकी करावी लागली की आवाज होतो, आणि शेजारी साधे नट असलेली गाडी उभी असताना तुमच्यावर कोण वेळ घालवेल. (शेजाऱ्याचं वाईट चिंततोय असं नाही, पण हिशोब तोच आहे.) एकच त्रास, पंक्चरवाला सवयीने नट फिरवायची मशीनची गन लावतो आणि त्याने चावीची नक्षी तुटते, त्याला आधीच सांगायचं, हा नट हाताने.

जॅमर म्हणजे ट्रॅफिकवाले लावतात तसला, घरगुती. दिसतो दणकट, लांबूनच दिसतो हा त्याचा खरा फायदा, शिवाय गाडी ओढून नेणाऱ्यालाही अडवतो, जे लॉक नट करत नाही. पण तो एका चाकाला लागतो, बाकीची तीन तशीच. रोज रात्री वाकून लावायचा, पावसात चिखलात काढायचा, मी नऊ दिवस लावला, दहाव्या दिवशी लावलेला विसरून गाडी चालू केली आणि मडगार्डला पोचा आला. आठवडाभर गावाला जाताना गाडी रस्त्यावर ठेवायची असेल तर ठीक, रोजचं काम नाही.

तिसरा उपाय कोणाला आवडत नाही पण सांगतो, लोखंडी रिम आणि वर प्लॅस्टिकची कॅप. अलॉयचे लगेच पैसे होतात, लोखंडी रिमला कोण विचारतो. नवीन गाडी बुक करताय आणि घरी पार्किंग नाही, तर फक्त अलॉयसाठी वरचं मॉडेल घेऊ नका. ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी उतरवून माळ्यावर ठेवायचे का, तर नाही, तिथे लॉक नटच.

भिंतीला चिकटवून लावा, उजेडात लावा हे सगळे सांगतात. पण पुण्यात पी १ पी २ आहे, सम तारखेला एक बाजू विषमला दुसरी, भिंतीची जागा रोज कुठून आणणार. महिन्याच्या भाड्याने आतली जागा मिळत असेल तर ती सगळ्यात बेस्ट, पण लॉक नटच्या सेटची किंमत तिथे एका महिन्याच्या भाड्यात जाते.

इन्शुरन्सवर विसंबणाऱ्यांनो, पॉलिसी काढून वाचा. साध्या पॅकेज पॉलिसीत टायर-ट्यूबचे पैसे गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच, आणि तेही ५० टक्के. अलॉय बाहेरून बसवले असतील तर ते पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून दाखवून त्याचा प्रीमियम भरलेला पाहिजे. टायर कव्हर वेगळं घेतलंय म्हणाल तर ते बहुतेक वेळा फुटण्या-कापण्यासाठी असतं, चोरी आहे का ते बघा. वर क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, गेली, ५० टक्क्यांवर असाल तर तिथे परत पोचायला पाच वर्षं. काकांनी सगळा हिशोब मांडून क्लेम केलाच नाही. करायचाच असेल तर पोलिसांकडे नुसती गहाळ म्हणून नोंद चालत नाही, चोरीचा एफआयआर घ्या, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, आणि चाकं बसवायच्या आधी ब्लॉकवरच्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा.

इनोव्हा, अर्टिगा, स्कॉर्पिओवाल्यांची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकते, काही गाड्यांत ती बाहेरूनच खाली सोडता येते, तिच्यासाठी वेगळं लॉक मिळतं, ते यातच धरा.

मी शेवटी लॉक नटवर थांबलो. चावी डिकीत टूलकिटमध्ये ठेवलीय, आणि तिच्या कोडचं कार्ड घरी लाइट बिलाच्या फाईलमध्ये, कारण चावी हरवली तर नवी त्या नंबरावरच मिळते. काकांनीही तोच सेट घेतला, फक्त अजून बसवलेला नाही, म्हणतात रविवारी.