आठव्या पिढीच्या नावाखाली सातव्या पिढीचा डबा

लॅपटॉप बाजूला ठेवून कामासाठी छोटा डेस्कटॉप घ्यायचा विचार असेल आणि तो जुन्या बाजारातून, म्हणजे 'रिफर्बिश्ड' म्हणून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. ज्याने मला गंडा घातला त्याच्या जाहिराती आजही त्याच फोटोंसकट सुरू आहेत. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण फसवण्याची पद्धत मात्र सगळी लिहिते, म्हणजे दुसरं कुणी अडकणार नाही.

मी पुण्यात घरून डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं काम, करते. पुस्तकं, मासिकं आणि श्रावण सरत आला की दिवाळी अंक. माझ्या लॅपटॉपची आठ जीबी रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली आहे, वाढवायची सोय नाही. इनडिझाइनमध्ये अंकाची फाइल आणि शेजारी फोटोशॉप उघडलं की पंखा जो सुरू व्हायचा तो थांबायचाच नाही. मोठा मॉनिटर आधीपासून घरात होता, टॉवर ठेवायला मात्र जागा नाही. म्हणून साधारण एक लिटर आकाराचे जे डबे मिळतात, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी, त्यांतला एक घ्यायचं ठरवलं. तो मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने बसतो. त्यातला प्रोसेसर सहसा ३५ वॅटचा, त्यामुळे लाइट गेली तर घरातला छोटा यूपीएसही त्याला बराच वेळ सांभाळतो. रॅम आणि एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, स्वतः बदलता येतात. मोठ्या कंपन्या हे डबे काही वर्षं वापरून एकगठ्ठा काढून टाकतात आणि मग ते बाजारात स्वस्तात येतात. आजही मी म्हणेन, घरून काम करणाऱ्यासाठी हा उत्तम पर्याय आहे. टापकीर गल्लीत काय किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय, हा धंदा सचोटीने करणारे लोक आहेत आणि अशा ठगांमुळे त्यांचंही नाव खराब होतं.

आता फसवणुकीचं मूळ समजून घ्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडले तर. ही तारीख आधीच जाहीर झालेली असल्यामुळे कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं काढून टाकायला सुरुवात केली आणि त्यांचे भाव पडले. आठव्या पिढीचे टिकून राहिले. गंमत नव्हे, पण बाहेरून या दोन्हींत फरक ओळखू येत नाही. ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो सातव्या पिढीपर्यंतचा, ३०६० मायक्रो आठव्या पिढीचा. दोन्ही शेजारी ठेवले तर जाणकारही क्षणभर थांबेल. आत मात्र सातव्या पिढीच्या आय५-७५००टी या प्रोसेसरला चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, आणि आठव्या पिढीच्या आय५-८५००टी ला सहा. ठगाची सगळी कमाई या फरकात आहे.

२०२५ च्या गणपतीनंतर मी ऑनलाइन जाहिरात पाहून दुकानात गेले. ऑप्टिप्लेक्स ३०६०, आय५-८५००टी, सोळा जीबी रॅम, ५१२ जीबीची नवी एसएसडी, 'ओरिजिनल' विंडोज ११, एक वर्षाची वॉरंटी, जीएसटी बिल. किंमत २१,५०० रुपये. दुकानदाराने माझ्यासमोर यंत्र सुरू केलं, सेटिंगमध्ये जाऊन सिस्टिमची माहिती उघडली आणि म्हणाला, "हे बघा ताई, आठवी जनरेशन, डोळ्यांसमोर आहे." स्क्रीनवर खरोखर आय५-८५००टी लिहिलेलं होतं. खालच्या बाजूला डेलचा सर्व्हिस टॅग, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांकही होता. तो टॅग मी तिथेच मोबाइलवरून डेलच्या साइटवर टाकून पाहिला, तर ३०६० मायक्रो असंच आलं. इतकं पाहून घेतल्यावर मी पैसे दिले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाऐवजी एका व्यक्तीचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "भावाचं खातं आहे, दुकानाच्या खात्याचं लिमिट संपलंय."

घरी यंत्र लावलं तेव्हा पहिल्याच सुरुवातीला काळ्या पडद्यावर इंग्रजीत संदेश आला. ॲडॉप्टरचा प्रकार ओळखता येत नाही, त्यामुळे यंत्राचा वेग कमी ठेवला जाईल, अशा अर्थाचा. डेलच्या अस्सल ॲडॉप्टरमध्ये ओळख पटवणारी छोटी चिप असते. ती सापडली नाही तर यंत्र प्रोसेसरला लगाम घालतं. दिलेला ॲडॉप्टर भलत्याच कुणाचा होता. त्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूणही नव्हती. आपल्याकडे ॲडॉप्टरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर आयएस १३२५२ आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असायला हवा. दिवसरात्र प्लगमध्ये राहणारी वस्तू आहे ही, घर जळू शकतं. नुसत्या ॲडॉप्टरसाठीसुद्धा मी दुकानदाराशी भांडले असते. पण तेवढ्यावर भागायचं नव्हतं.

काम संथ चाललं होतं. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर प्रोसेसरच्या खाली कोअर चार दिसत होते. आठव्या पिढीच्या त्या प्रोसेसरला सहा हवेत. ज्या छापखान्यात माझी कामं जातात तिथले कॉम्प्युटर बघणारे एक दादा आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "विंडोज काय सांगतं ते सोडा. यंत्र बंद करून चालू करा, डेलचा लोगो आला की एफ२ दाबत राहा." तसं केलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर, स्वच्छ लिहिलेलं होतं: ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो, आय५-७५००टी. सर्व्हिस टॅग खालच्या स्टिकरवरच्यापेक्षा वेगळा. तो टॅग डेलच्या साइटवर टाकला तर ३०५० निघाला. स्टिकर नीट पाहिलं. कागद जरा जास्तच चकचकीत होता आणि ओल्या अंगठ्याने घासला की अक्षरांची शाई सरकत होती. कोपरा उचलला तर खाली जुनं स्टिकर, ब्लेडने खरवडलेलं. दुसऱ्याच कुठल्या तरी खऱ्या ३०६० चा टॅग छापून त्याच्यावर चिकटवला होता.

मग विंडोजमध्ये आठवी पिढी कशी दिसत होती? दादा दुसऱ्या दिवशी घरी आले आणि त्यांनी ते शोधून काढलं. विंडोज प्रत्येक वेळी सुरू होताना प्रोसेसरच्या चिपकडून तिचं नाव विचारून रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या आतल्या नोंदवहीत, लिहून ठेवतं, आणि सिस्टिमच्या माहितीत दिसतं ते तिथलं. ते नाव बदलता येतं, फक्त पुढच्या वेळी यंत्र सुरू झालं की खरं नाव परत येतं. म्हणून त्या दुकानदाराने टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेली कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक काम लावून ठेवलं होतं. लॉगिन झालं की एक छोटी फाइल गुपचूप चालायची आणि नाव पुन्हा आय५-८५००टी करायची. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर थेट चिपला विचारतं. त्यात ७५००टी हेच आलं.

उरलेलं पटकन सांगते. 'नवी' एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिली तर अकरा हजारांहून जास्त तास चाललेली. विंडोज ११ तपासण्या चुकवून बसवलेलं. अशा यंत्रावर दरवर्षीची मोठी अपडेट आपोआप येत नाही आणि सुरक्षेच्या अपडेटचीही मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. 'ओरिजिनल' म्हणून सांगितलेलं लायसन्स म्हणजे कंपन्यांना लायसन्स देण्याच्या पद्धतीची नक्कल करणारं बेकायदा सॉफ्टवेअर, ॲक्टिव्हेटर. कमांडच्या खिडकीत एसएलएमजीआर, मग स्लॅश एक्सपीआर (slmgr /xpr) टाकलं की कायमचं लायसन्स आहे की मुदतीचं ते कळतं. इथे १८० दिवसांच्या आतली तारीख आली.

पण मला खरी भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. तो ॲक्टिव्हेटर पकडला जाऊ नये म्हणून विंडोजच्या अँटिव्हायरसला अख्खी सी ड्राइव्ह तपासायची नाही असं सांगून ठेवलेलं होतं. म्हणजे दार सताड उघडं. याच यंत्रावर मी बँकेचं काम करणार होते, प्रकाशकांच्या छापून न आलेल्या पुस्तकांच्या फाइली ठेवणार होते. २०२४ च्या सुरुवातीला एका चिनी कंपनीच्या नव्याकोऱ्या मिनी पीसींमध्येही पासवर्ड चोरणारी सॉफ्टवेअर सापडली होती आणि कंपनीला ते मान्य करावं लागलं होतं. सील न फोडलेला डबा असो की वापरलेला, दुकानदाराने टाकून दिलेल्या विंडोजवर एकही पासवर्ड टाइप करू नका.

बिलाचं पाहा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७. माझ्या बिलावर वेगळेच होते. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही लॉगिन न करता करदाता शोधता येतो. तिथे त्या क्रमांकाची नोंदणी रद्द झालेली दिसली आणि व्यवसायाचं नावही दुसरंच. बिलात सर्व्हिस टॅग लिहिलेलाच नव्हता, नुसतं 'मिनी पीसी १ नग'. टॅग लिहिला नाही तर उद्या तो सहज म्हणू शकतो, हे यंत्र माझं नाहीच.

दुकानदाराची उत्तरं क्रमाने बदलत गेली. आधी, "सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल, घेऊन या, फॉरमॅट मारून देतो." मी बायोसचे फोटो पाठवले. मग, "ताई, चालतंय ना? तुमच्या कामाला एवढं पुरतं." नंतर, "सेकंडहँड मालाला परतावा नाही, बिलावर लिहिलंय." आणि शेवटी, जेव्हा मी तक्रारीचं बोलले तेव्हा, "तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहक होतच नाही, कुठे जायचं तिथे जा."

हे शेवटचं वाक्य ऐकून बरेच लोक गप्प बसत असतील, म्हणून त्यावर जरा थांबते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूंना वगळलं आहे हे खरं. पण त्याच कलम २(७) च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणात मोडत नाही. घरी बसून डीटीपी करणारी मी, भाषांतर करणारे, हिशेब लिहिणारे, शिकवण्या घेणारे, आपण सगळे यात बसतो. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. त्यामुळे विक्रेता दुसऱ्या शहरातला असला तरी अडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. 'ई-जागृती' पोर्टलवरून अर्ज घरबसल्या भरता येतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्या तक्रारीचा क्रमांक पुढे कामाला येतो. पोलिसांकडेही लेखी अर्ज द्या. आपण ज्याला 'चारशेवीस' म्हणतो ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. मी अर्जात खोटं स्टिकर, बदललेलं नाव आणि दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक असे तीन मुद्दे वेगळे लिहिले, कारण 'वस्तू खराब निघाली' एवढंच लिहिलं की तो आपसातला वाद ठरवून परत पाठवतात.

आयोगाची नोटीस गेल्यावर त्याच माणसाचा फोन आला. निम्मे पैसे घ्या आणि तक्रार मागे घ्या म्हणाला. मी नाही म्हटलं. यंत्र परत दिलं असतं तर तेच स्टिकर लावून ते तिसऱ्याच्या गळ्यात गेलं असतं.

आता तुम्ही दुकानात गेलात तर सिस्टिमची माहिती दाखवणाऱ्याला म्हणा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा आणि बायोस दाखवा. तिथला टॅग, खालचा टॅग आणि बिलावरचा टॅग तिन्ही जुळले पाहिजेत. बायोसला पासवर्ड आहे म्हणाला तर तिथूनच परत फिरा. पैसे दुकानाच्या नावाच्या खात्यातच द्या, शक्य असेल तर क्रेडिट कार्डाने, म्हणजे बँकेकडे वाद तरी नेता येतो. ॲडॉप्टर हातात घेऊन वाचा.

आणि असा डबा आधीच घरी आला असेल, तर रागाच्या भरात विंडोज पुन्हा टाकू नका आणि स्टिकर काढून फेकू नका. मी इंटरनेटची वायर काढली, मोबाइलवर एकसलग व्हिडिओ केला. डब्याची खालची बाजू, मग चालू करणं, बायोस, मग विंडोजमधलं खोटं नाव, टास्क शेड्युलर आणि त्यातली ती फाइल. एसएसडी काढून पाकिटात घातली, पाकिटावर तारीख टाकून दादांची सही घेतली आणि डब्यात स्वतःची नवी एसएसडी बसवली. दिवाळी अंकाची पानं त्याच डब्यावर पुरी केली, फक्त अस्सल ॲडॉप्टर वेगळा विकत आणून. ते पाकीट कपाटात आहे, आयोगाने मागितलं की द्यायला.