लांबच्या मोहिमेसाठी जुनी मोटारसायकल: सस्पेन्शन दुरुस्त करायचं की बदलायचं?

जुनी गाडी लांबच्या, खडबडीत प्रवासाला काढायची ठरली की सस्पेन्शनपाशी घोडं अडतं. मूळचंच उघडून नवं करायचं, की बाहेरचं बसवायचं? अख्ख्या गाडीसाठी एकच उत्तर शोधायला गेलं तर गोंधळ वाढतो, कारण पुढचा आणि मागचा हिशेब वेगळा आहे. माझा कौल असा: पुढे मूळ फोर्क (पुढचं चाक धरणारे, दबणारे दोन पाइप) ठेवून आतलं बदला, मागे शॉकअपच (स्प्रिंग आणि तेलाने धक्का झेलणारा भाग) नवा घ्या.

त्याआधी एक मोजमाप करा. चाक हवेत असताना अ‍ॅक्सलपासून वरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग संपूर्ण सामान लादून, स्वतः बसून पुन्हा मोजा. दोन्हीतला फरक एकूण ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शन जास्तीत जास्त जितकं दबू शकतं त्या अंतराच्या) साधारण 30 टक्के हवा, म्हणजे 200 मिमी ट्रॅव्हल असेल तर 60 मिमीच्या आसपास. तो जास्त भरला की बहुतेक जण प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळतात. पण प्रीलोडने गाडी फक्त वर उचलली जाते, स्प्रिंग तसूभरही कडक होत नाही. प्रीलोड आवळून हा आकडा जमला, पण रिकामी गाडी आपल्या वजनाने जराही दबत नसेल, तर स्प्रिंग त्या ओझ्यासाठी मऊच आहे आणि ती बदलावीच लागेल.

आता पुढचा फोर्क. जुन्या गाड्यांत बहुधा साधा डॅम्पर रॉडचा फोर्क असतो, म्हणजे ठरावीक भोकांतून तेल ढकलायचं, एवढीच रचना. अशा भोकांचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ब्रेक दाबला की, हळू दबताना विरोध कमी पडून, गाडी नाक खुपसते आणि तोच फोर्क धारदार दगडावर, झटक्यात दबताना, मनगटाला हिसका देतो. यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे कडक स्प्रिंग, नवे बुश (पाइपांमधल्या सरकत्या कड्या), नवे ऑइल सील आणि ताजं तेल. तेलाच्या डब्यावरच्या 10डब्ल्यू, 15डब्ल्यू या आकड्यांवर विसंबू नका. दोन कंपन्यांचं 10डब्ल्यू सारखं नसतं. 40 अंश सेल्सिअसला सेंटिस्टोक्स (तेलाच्या दाटपणाचं माप) किती, ते जुळवा.

त्याच्या वरची पायरी म्हणजे एम्युलेटर: डॅम्पर रॉडवर बसणारी छोटी झडप. ती बसवताना रॉडची भोकं मोठी करावी लागतात, त्यामुळे मागे फिरणं अवघड. पण वेगात बसणारा हिसका खरोखर कमी होतो. मला हा खर्च सार्थ वाटतो. दुसऱ्या गाडीचा अख्खा आधुनिक फोर्क बसवायचा तर क्लॅम्प, अ‍ॅक्सल, ब्रेक, सगळंच जुळवत बसावं लागतं. वाटेत काही तुटलं तर नेमका कुठला भाग मागवायचा, हे दुसऱ्या मेकॅनिकला समजावणंही कठीण.

लिनियर (शेवटपर्यंत सारखीच कडक) स्प्रिंग की प्रोग्रेसिव्ह (आधी मऊ, दबेल तशी कडक होणारी)? कधी पूर्ण लादलेली, कधी हलकी अशी चालवणाऱ्याला प्रोग्रेसिव्ह सोयीची. मोहिमेत मात्र सामान कायम लादलेलं असतं, तिचा मऊ भाग त्या वजनाखालीच संपतो. मी लिनियरच निवडेन.

मागे गोष्ट गंभीर आहे. पेट्या, तंबू, पाणी, सगळं मागच्या चाकावर येतं. जुन्या शॉकअपमधला, तेलावर दाब ठेवणारा नायट्रोजन उडालेला असतो, तेल थकलेलं असतं. खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास चाललं की तेल तापून पातळ होतं, त्यात फेस होतो आणि गाडी डुलायला लागते. अशा शॉकअपवर नुसती कडक स्प्रिंग चढवली तर ती उसळी मारते, कारण परतीची उसळी आवरणारं डॅम्पिंगच उरलेलं नसतं. अनेक मूळ शॉकअप पुन्हा खोलण्यासाठी बनवलेलेच नसतात. कुशल कारागीर त्यात झडप बसवून ते भरून देतो, पण त्याचा भरवसा कारागिरावर. म्हणून आपल्या भरलेल्या वजनाची स्प्रिंग सांगून, नंतर उघडता येईल असाच नवा शॉकअप घ्या. प्रीलोड हाताने बदलायची हायड्रॉलिक चकती मिळाली तर जरूर घ्या: 20 लिटर पेट्रोलच जवळजवळ 15 किलो भरतं, आणि ते रोज चढतं-उतरतं. वेगळा रिझर्व्हॉयर (शॉकअपच्या तेलाची जादा टाकी) तेल थंड ठेवतो, पण त्याची नळी दगडांच्या माऱ्यात येणार असेल तर शॉकअपलाच जोडलेला घ्या.

नवा शॉकअप येईपर्यंत स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि लिंकेजचे (त्याला शॉकअपशी जोडणाऱ्या सांध्यांचे) नीडल बेअरिंग काढून, तपासून, ग्रीस भरा. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) मधोमध अडत असेल तर तोही बदला. हे राहिलं तर महागड्या शॉकअपचा दोष नसताना गाडी वळणावर हलत राहील. मागची उंची वाढली की चेनचा ढिलेपणाही पुन्हा लावावा लागतो.

निघण्यापूर्वी पूर्ण सामानासह खराब रस्त्यावर गाडी चालवा. एका फोर्क पाइपवर प्लॅस्टिकची केबल टाय बांधून ठेवा. ती कुठवर सरकली यावरून किती ट्रॅव्हल वापरला गेला ते कळतं. पार टोकाला जात असेल तर तेलाची पातळी थोडी वाढवा, बरीच अलीकडे थांबत असेल तर कमी करा. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून काही दिवसांनी पहिलं मोजमाप पुन्हा घ्या. सोबत ऑइल सीलची एक जोडी असू द्या.