ऑनलाइन पीटी क्लास: पोरांचे पायच दिसत नाहीत

रिन्यूअलचा मेसेज आलाय आणि मी पैसे भरणार नाहीये, का ते लिहिते. लेक दुसरीत, आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत. क्लास जूनमध्ये लावला कारण इथला पाऊस माहीतच आहे, मैदानाचा नुसता चिखल आणि पोरं घरात कोंडलेली. क्लासमध्ये काय काय असतं ते सांगत बसत नाही, सगळीकडं तेच असतं.

माझी तक्रार एकच, पाय दिसत नाहीत. मोबाईल टेबलावर ठेवला की पोरगी कंबरेपर्यंत दिसते, मागं सरकवली तर कपाटाला हात आपटतो, त्यात स्क्रीनवर वीस-पंचवीस चौकोन, मॅडमना काय कळणार ती उडी मारून उतरते कशी! गुडघे ताठ ठेवून टाचांवर धप्पकन, तेही फरशीवर. उडीत उतरणंच तर शिकवायचं असतं, आधी चवडे टेकवायचे, गुडघे वाकवायचे, म्हणजे धक्का मांड्या झेलतात. मॅडम आपल्या 'व्हेरी गुड' म्हणतायत. कस्टमर केअर म्हणे फोन जमिनीवर ठेवा. ठेवला, तर डोकं गायब. परत फोन केला तर म्हणे रेकॉर्डेड व्हिडिओ लावून तुम्हीच सराव घ्या. मग वर्षाची फी कशाची घेतली? पैसे परत मागितले तर पॉलिसीत बसत नाही.

पण ऑगस्टपर्यंत माझं मत जरा बदललं. सूर्यनमस्कार, वृक्षासन, जे जागेवर करायचं ते ऑनलाइन खरंच चांगलं होतं. लेक लाजाळू आहे, शाळेत रांगेत सगळ्यात मागं उभी राहते, घरात कुणी हसणारं नाही म्हटल्यावर एका पायावर मस्त तोल सांभाळायला लागली. त्यात मॅडमची मेहनत आहे, ते मी नाकारणार नाही.

दिवाळीनंतर जवळच्या मैदानावर खो-खोला घातली. सरांनी तिला पळताना बघितलं आणि लगेच म्हणाले, ताई, हिला आधी उतरायला शिकवू. मातीत, छोट्या पायरीवरून, दोन्ही हात धरून. हे मोबाईलमधून कसं होणार? आणि खो-खो तर होणारच नाही, आठ जण एकाआड एक उलट्या तोंडानं बसलेले, मागून पाठीला हात लागून 'खो' ऐकू आला की त्याच क्षणी उठायचं, इथं नेटवर आवाजच उशिरा पोचतो.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, शिवाय आठवड्यातून किमान ३ दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम. उड्या त्यातच येतात, म्हणून मी त्या पायांचं एवढं धरून बसलेय. आमचा ऑनलाइन क्लास अर्ध्या तासाचा, त्यातला किती वेळ 'बेटा, म्यूट करा' मध्येच जायचा.

पावसाळ्यात कुणी महिन्याच्या फीवर, आठ-दहाच पोरं घेऊन, फक्त आसनं शिकवणार असेल तर सांगा, तेवढे पैसे मी आनंदानं देईन. वर्षाचं पॅकेज नको.