‘विलायती माल’ म्हणून भरलेल्या पुंगळ्या विकल्या, ८,५०० ला बुडालो

पंचवीस काडतुसं, नगाला ३४० रुपये, एकूण ८,५००. ‘विलायती फॅक्टरी माल, जुन्या रिव्हॉल्वरला सोसेल असा हलका बार’ असं सांगून नाशिकमधल्या एका दुकानदारानं मला हातानं भरलेल्या पुंगळ्या, म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी कवचांत पुन्हा दारू-शिसं भरलेला माल, गळ्यात मारला. ज्यांच्याकडे बापजाद्यांचं हत्यार आहे त्यांनी हे वाचाच.

माझ्याकडे वडिलांचं ३२ बोअरचं वेब्ली रिव्हॉल्वर आहे, नळी खाली झुकवून मधून उघडून भरायचं. दिंडोरीकडच्या मळ्यावर राहायचे तेव्हा त्यांनी घेतलेलं, त्यांच्यामागे वारसानं माझ्या परवान्यावर चढलं. इतक्या जुन्या नळीला कडक बार नको, एवढीच माझी काळजी. त्यानं ती बरोबर हेरली.

खरं तर दुकानातच कळायला हवं होतं. डबा उघडला तर पुंगळ्यांचं पितळ काळवंडलेलं, कडांवर ओरखडे आणि बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी मात्र लख्ख नवी. शिक्केही दोन तऱ्हेचे, काहींवर विलायती, काहींवर आपल्या खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’. एकाच डब्यात! विचारलं तर म्हणाला, “जुना स्टॉक आहे साहेब, पडून पडून पितळ काळं पडतं.” मग टोपी कशी काळी पडली नाही? हे मला रात्री घरी सुचलं, आणि तरी मी गप्प बसलो. आता लोक विचारतात, एवढं दिसलं नाही? अहो, परवान्यावर नोंद झाली, बिल हातात मिळालं, माणसानं आणखी काय बघायचं? बिलावर कंपनीचं नाव आणि लॉट नंबर नव्हता. तेवढं तुम्ही बघा.

रेंजवर तीन बार नीट उडाले. चौथ्याला नुसतं ‘फुस्’, कागदावर भोक नाही. मी पुन्हा चाप ओढणार तोच कोचनं मनगट धरलं. शिसं नळीतच अडकलं होतं. मागून पाचवी गोळी धडकली असती तर नळी फुगली असती, फाटलीही असती, आणि शेजारच्या लेनमध्ये कॉलेजची पोरगी उभी होती. असा आवाज आला की थांबा. नळीत गज घालून बघितल्याशिवाय पुढचा बार नाही.

शिसं काढून नळी तपासायला गनस्मिथनं ६,२०० घेतले. त्यानं दोन काडतुसं उघडली. एकात दारूच नाही, दुसऱ्यात जवळजवळ दुप्पट! आजकालची दारू पुंगळीत थोडीच लागते, त्यामुळे दोनदा पडली तरी मावते आणि बाहेरून काही कळत नाही. अमेरिकेत लोक पुंगळ्या पुन्हा भरायचं काम हौसेनं करतात, पण दारू काट्यावर ग्रेनमध्ये (वजनाचं बारीक माप) तोलून आणि शिसं बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ विरुद्ध आहे, त्या फंदात पडू नका. आणि रिकाम्या पुंगळ्या लेखी पोच घेतल्याशिवाय कुणाला देऊ नका. मी माझ्या गेल्या वर्षी त्याच दुकानात देऊन आलो होतो.

ठाण्यात गेलो तर उत्तर, “नोंद आहे, बिल आहे, मग फसवणूक कसली?” त्यांनी परवान्याच्या टेबलावर पाठवलं, तिथून परत ठाण्यात. पाच हेलपाटे झाले. एका साहेबांनी तर मलाच दरडावलं, काडतुसं कुणाला विचारून उघडलीत? जीव माझा जाणार होता आणि जाब मलाच! शेवटी अर्ज ठेवून घेतला, पण आवक शिक्का मारेनात. शिक्क्याची प्रत हातात पडेपर्यंत तिथून हलू नका, मी हललो.

दुकान आजही उघडं आहे. उरलेली १९ काडतुसं माझ्या कपाटात कुलपात पडून आहेत. जमा करून घ्या म्हटलं तर कुणी हात लावत नाही, म्हणतात हिशेबानं २१ हवीत.